बेनेडिक्टाइन मठवासी: व्रत आणि वार्धक्य

नर्सियाचे संत बेनेडिक्ट (सु. ४८०–५४७) यांनी इटलीतील मॉन्ते कासिनो येथे लिहिलेल्या ७३ प्रकरणांच्या नियमावलीप्रमाणे राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशाला बेनेडिक्टाइन म्हणतात. त्याची व्रते तीन: स्थैर्य, आज्ञापालन आणि मठाच्या रीतीने आयुष्य पालटत राहणे. ब्रह्मचर्य व अपरिग्रह तिसऱ्या व्रतातच येतात.

संन्यासी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परिव्राजक उभा राहतो. बेनेडिक्टना नेमका तोच नको होता. या मठात तीन दिवस, त्या मठात चार दिवस पाहुणचार झोडत हिंडणाऱ्यांना त्यांनी पहिल्याच प्रकरणात झोडपले आहे. आपल्याकडचा क्षेत्रसंन्यास, म्हणजे एखादे तीर्थक्षेत्र मरेपर्यंत न सोडण्याचे व्रत, त्यांच्या कल्पनेला अधिक जवळचा. मात्र इथे माणूस स्वतःला बांधून घेतो तो सोबतच्या माणसांशी. तरुणपणी ज्या मठात शपथ घेतली, तिथेच म्हातारे व्हायचे आणि तिथल्याच दफनभूमीत जायचे.

मठातला क्रम वयावर नसतो, प्रवेशाच्या वेळेवर असतो. सकाळी तासभर उशिरा आलेला साठीचा गृहस्थ, आधी आलेल्या विशीतल्या पोराहून धाकटा. तरीही वार्धक्याला नियमावलीत खास सवलत आहे. ३७ वे प्रकरण वृद्ध आणि मुले यांना एकत्र घेते: त्यांच्या अशक्तपणाकडे पाहून जेवणाचे कडक नियम सैल करावेत, त्यांना वेळेआधी खाऊ द्यावे. आजाऱ्यांना वेगळी खोली, सेवेला माणूस, हवे तेव्हा स्नान आणि अशक्तांना मांसाहारसुद्धा. एरवी आठवड्यात बायबलमधली १५० स्तोत्रे म्हणून संपवायला लावणारा हा नियमकार इथे एकदम घरातल्या वडीलधाऱ्यासारखा बोलतो.

वृद्धाला त्याने कामही नेमून दिले आहे. दारावर शहाणा म्हातारा बसवावा, असे ६६ वे प्रकरण सांगते. निरोप घेता यावा, उत्तर देता यावे आणि वयामुळे पाय इकडेतिकडे भटकू नयेत, एवढी त्याची पात्रता. त्याची खोली दाराशेजारीच असावी. कोणी कडी वाजवली किंवा गरिबाने हाक मारली की ‘देवाचे आभार’ म्हणून त्याने लगबगीने उत्तर द्यावे. मदतीला हवा तर एक तरुण. मठाचा पहिला चेहरा म्हणून सर्वात थकलेला माणूस निवडणे हा बेनेडिक्टांचा धोरणीपणाच म्हणायला हवा.

स्थैर्याच्या या व्रताला भारतात एक वेगळेच वळण मिळाले. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले इंग्रज बेनेडिक्टाइन बीड ग्रिफिथ्स (१९०६–१९९३) १९५५ मध्ये इथे आले. केरळातील कुरिसुमला आश्रमात दहाएक वर्षे काढून १९६८ मध्ये ते तमिळनाडूत कुळित्तलैजवळ, कावेरीकाठच्या शांतिवनम आश्रमात गेले. दोघा फ्रेंच धर्मगुरूंनी १९५० मध्ये तो स्थापला होता. भगवी वस्त्रे, शाकाहार, जमिनीवर बसून जेवण आणि उपासनेत आरती अशी तिथली राहणी. १९९० मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून उठल्यावर हे ऐंशी ओलांडलेले गृहस्थ अमेरिका-ऑस्ट्रेलियात व्याख्याने देत फिरले. दारावरच्या म्हाताऱ्याचे पाय भटकू नयेत या अटीत ते काही बसले नसते. १३ मे १९९३ रोजी मात्र त्यांनी देह ठेवला तो शांतिवनममध्येच, आणि समाधीही तिथेच आहे.