बीपी सुधारलं, पण रक्त पोहोचलं का?

सेप्टिक शॉकच्या, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने (सेप्सिस) रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला सलाईन दिलं, रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवणारं नॉरएड्रेनालिन चालू केलं आणि मॉनिटरवर सरासरी रक्तदाब ६५ च्या वर गेला. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना निरोप जातो, 'बीपी सुधारलंय.' ते खरंच असतं. तरीही काही जणांची लघवी कमी होत जाते, शुद्ध हरपते, एकेक अवयव थकत जातो. या आजारातलं हेच मला सगळ्यात अस्वस्थ करतं.

रक्तदाब मोजतात तो मोठ्या धमनीतला. पेशींना ऑक्सिजन मिळतो तो मात्र केशवाहिन्यांतून. त्या इतक्या अरुंद, की सात-आठ मायक्रोमीटरच्या तांबड्या पेशीलाही अनेक ठिकाणी अंग चोरून पुढे सरकावं लागतं. सेप्सिसमध्ये या वाहिन्यांचं अस्तर बिघडतं, त्याला पांढऱ्या पेशी चिकटतात, बारीक गुठळ्या होतात, तांबड्या पेशी ताठर होतात. मग एकीत रक्त धावत असतं आणि तिला खेटून असलेली दुसरी बंद पडलेली असते.

हे डोळ्यांनी पाहता येतं. जिभेखाली छोटा सूक्ष्मदर्शक कॅमेरा धरून हिरवा प्रकाश टाकतात. हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, म्हणून तांबड्या पेशी काळ्या ठिपक्यांसारख्या सरकताना दिसतात. काही ठिकाणी ठिपके अडखळतात, काही ठिकाणी जागीच थांबतात. ब्रसेल्समधल्या डॉक्टरांनी ४९ रुग्णांचा असा रोज मागोवा घेतला आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. जे वाचले त्यांचा सूक्ष्म रक्तप्रवाह लवकर सुधारला होता. शॉकमधून बाहेर येऊनही पुढे अवयव निकामी होऊन जे दगावले, त्यांचा सुधारला नव्हता. रक्तदाबाचे आकडे मात्र दोन्ही गटांत सारखेच होते!

तरी हा कॅमेरा घरोघरच्या थर्मामीटरसारखा रुळलेला नाही. हात जरा जास्त दाबला गेला तर त्या दाबानेच प्रवाह थांबतो, लाळ आड येते, चित्रणाचं विश्लेषण वेळखाऊ असतं.

म्हणून डॉक्टर पुन्हा बोटाकडे वळले. तर्जनीच्या पेरावर काचपट्टी १० सेकंद दाबून धरायची, सोडायची आणि पांढरी पडलेली त्वचा पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचं. ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर धोक्याची खूण. २०१९ च्या 'अँड्रोमेडा-शॉक' चाचणीत दक्षिण अमेरिकेतल्या ४२४ रुग्णांपैकी निम्म्यांचे उपचार या खुणेवर बेतले, बाकीच्यांचे रक्तातल्या लॅक्टेटवर, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणाऱ्या पदार्थावर. २८ दिवसांत पहिल्या गटात ३४.९ टक्के दगावले, दुसऱ्यात ४३.४. हा फरक योगायोगाचा नाही असं संख्याशास्त्र तेव्हा ठामपणे म्हणू शकलं नाही, हेही सांगायलाच हवं.

लॅक्टेट उतरायला वेळ लागतो आणि चाचणीत ते दर दोन तासांनी तपासलं जात होतं. बोट मात्र दर अर्ध्या तासाने दाबून पाहत होते. ते वेळेवर पूर्ववत झालं, की आणखी सलाईन ओतण्याची गरज उरत नव्हती. हात गार पडलेला असेल तर ही खूण फसवू शकते, म्हणून एकाच वेळच्या तपासणीवर न थांबता ती पुन्हा पुन्हा पाहावी लागते.