बत्तीस गिरक्या आणि चक्कर नाही

लहानपणी फुगडी घालून थांबलं की आख्खं अंगण फिरायचं, आठवतंय? आता विचार करा, एका पायाच्या टोकावर सलग ३२ गिरक्या आणि लगेच पुढची स्टेप. पिएरिना लेन्यानी या इटालियन बॅलेरिनाने १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला 'स्वान लेक' या बॅलेमध्ये हे करून दाखवलं आणि तेव्हापासून त्यातली मुख्य भूमिका करणाऱ्या प्रत्येकीच्या मागे हा बत्तीसचा आकडा लागला तो लागलाच.

चक्कर येते ती कानामुळे. आतल्या कानात अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात द्रव असतो, आपण गोल फिरलो की तोही फिरायला लागतो आणि आपण थांबलो तरी तो काही लगेच थांबत नाही, त्यामुळे मेंदूला वाटतं स्वारी अजून फिरतेय. डान्सर यावर युक्ती करतात, नजर समोरच्या एकाच ठिकाणी ठेवायची, अंग वळू द्यायचं आणि मान अगदी शेवटी झटक्यात फिरवून परत तिथेच आणायची. पण खरी गंमत पुढे आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०१३ मध्ये २९ बॅले डान्सर आणि २० रोइंग करणाऱ्या, म्हणजे होडी वल्हवणाऱ्या मुली घेतल्या (फिटनेस सारखाच, फक्त गिरक्यांची सवय नाही), अंधारात खुर्चीवर बसवून फिरवलं आणि खुर्ची थांबल्यावरही किती वेळ फिरल्यासारखं वाटतं ते एक हँडल फिरवून दाखवायला सांगितलं. डान्सरचं ते फिरणं लवकर थांबलं. स्कॅनमध्ये दिसलं की कानाकडून येणारे सिग्नल लहान मेंदूच्या ज्या भागात पोचतात तो भाग त्यांच्यात लहान आहे. म्हणजे कान ओरडतोय आणि मेंदू सरळ दुर्लक्ष करतोय! आता सरावानेच तो लहान झाला की मुळात तसा असलेल्याच मुली टिकल्या, हे या एका प्रयोगावरून छातीठोक सांगता येत नाही, पण मला तरी सरावाचंच पारडं जड वाटतं.

कारण सराव किती ते बघा. सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकादमी १७३८ पासून चालू आहे, तिथे साधारण दहाव्या वर्षी घेतात आणि पुढे आठ वर्षं. प्रवेशाला पोरांचे पाय फिरवून, वाकवून बघतात. लोकांचं लक्ष अंगठ्यांकडे, पण बॅलेची सगळी मदार खुब्यावर. दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळले पाहिजेत आणि ते वळण खुब्यातून आलं पाहिजे. खुब्याच्या खोबणीची ठेवण जन्मजात, मांडीच्या हाडाचा पीळ वाढत्या वयात कमी होत जातो, बाकीचं काम स्नायूंचं. खुब्यात जागा नसताना नुसती पावलं जबरदस्ती वळवली की बिल गुडघ्याच्या नावावर फाटतं. दहाव्या वर्षी सुरुवात करण्याला अपवाद असतातच, मिस्टी कोपलंडने तेराव्या वर्षी सुरुवात केली आणि २०१५ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रिन्सिपल, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची डान्सर झाली. आपल्या मुंबईचा टॅक्सी ड्रायव्हरचा मुलगा मनीष चौहान तर ब्रेकडान्स करता करता कॉलेजच्या वयात बॅले शिक्षक येहुदा माओर यांच्याकडे शिकायला लागला.

टोकावर उभं राहणं मात्र घाईचं काम नाही. साधारण ११-१२ वर्षांच्या आधी पॉइंट शूज (टोकावर उभं राहायचे खास बूट) देत नाहीत, कारण पावलाची हाडं अजून वाढत असतात आणि घोटा, पोटरी, पाठ तेवढी पक्की झालेली नसते. आणि या मुलींना बारीक राहा बारीक राहा म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. मेहनत एवढी आणि खाणं कमी म्हटल्यावर पाळी थांबते, इस्ट्रोजेन घसरतं, हाडं कमजोर होतात आणि मग पावलाच्या हाडाला केसाएवढी बारीक चीर पडते.

हा पॉइंट शू लाकडाचा असतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पारंपरिक शूचं टोक कापड, कागद आणि खळीचे थर देऊन वाळवलेलं असतं, वरून गुळगुळीत सॅटिन. नवा जोड आणला की डान्सर आधी त्याची पार वाट लावतात. दारात चेपायचा, जमिनीवर आपटायचा, आवाज होऊ नये म्हणून हातोडीने ठोकायचा, टोकाचं सॅटिन कापायचं, तळ खरवडायचा, रिबिनी स्वतः शिवायच्या आणि दोरे सुटू नयेत म्हणून टोकं काडीने जाळायची, मग स्टेजवर जाताना घसरू नये म्हणून तळाला राळ. मोठी भूमिका असली तर हा सगळा खटाटोप एकाच प्रयोगात मऊ पडून बाद होतो. मग रात्री नवा जोड, सुईदोरा, हातोडी, आणि सकाळी क्लासमध्ये दांडीला धरून दहाव्या वर्षी शिकलेलं तेच पहिलं प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं.