शंभरातली एकशेचार मुलं

एखाद्या जिल्ह्याची पटनोंदणी ‘१०४ टक्के’ छापून आली की व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड सुटतोच: बघा, सरकारला साधी टक्केवारी येत नाही! बोगस पट आपल्याला नवा नाही, हे खरं. ऑक्टोबर २०११च्या पटपडताळणीत राज्यभर मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजावी लागली होती. पण शंभराच्या वरचा प्रत्येक आकडा म्हणजे चोरी नव्हे.

हा १०४ म्हणजे ढोबळ नोंदणी गुणोत्तर. त्याच्या अंशात त्या वर्गांच्या पटावरची सगळी मुलं धरतात, वय काहीही असो. छेदात येतात ती ठरलेल्या वयाची सगळी मुलं, शाळेत जावोत न जावोत. नववी-दहावीसाठी हे वय १४-१५. याद्याच दोन वेगळ्या आहेत, त्यामुळे शंभराची वेस लागतच नाही.

गोवंडीतली एखादी वस्ती घ्या. आकडे माझ्या मनचे. १४-१५ वयाची मुलं १,०००. नववी-दहावीच्या पटावर १,०४०, म्हणजे ढोबळ गुणोत्तर १०४. या १,०४० पैकी १८० जण सोळा किंवा त्याहून मोठे: गावाहून उशिरा आलेले, नापास होऊन पुन्हा बसलेले. ४० जण तेराचेच. दोन्ही वजा केले की उरले ८२०, म्हणून निव्वळ गुणोत्तर ८२. मग १४-१५ वयाच्या हजारातली उरलेली १८० मुलं शाळाबाह्य? तसंही नाही. त्यांतली ११० अजून आठवीत किंवा त्याखाली, ३० अकरावीत पोचलेली. खरी शाळाबाह्य ४०. ती फक्त वयनिहाय नोंदणीत (त्या वयाची शाळेत असलेली मुलं, वर्ग कुठलाही), म्हणजे ९६ या आकड्यात सापडतात. मुलं तीच, उत्तरं तीन. जाहिरातीत अर्थातच १०४ झळकतो.

त्यात वयाचीही खात्री नाही. पूर्वी जन्मदाखला नसला की गुरुजी रजिस्टरात सर्रास १ जून लिहून टाकत. त्या तारखेला फेसबुकवर वाढदिवसांचा पूर येतो तो ग्रहयोगामुळे नव्हे.

अकरावी-बारावीत मुंबईचं गणित आणखी बिघडतं. डोंबिवलीची मुलगी लोकलने माटुंग्याच्या कॉलेजात येते. अंशात ती मुंबईची, छेदात ठाणे जिल्ह्याची. एकाचं गुणोत्तर फुगतं, दुसऱ्याचं आक्रसतं आणि जिल्ह्यांच्या क्रमवारीत त्यावरून पाठ थोपटून घेतली जाते.

२०२२-२३पासून यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्र सरकारच्या प्रणालीत, शाळेची गोळाबेरीज न भरता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते, त्यामुळे एकच मूल दोन पटांवर दिसणं अवघड झालंय. अंश सुधारला, छेदाचं काय? २०२१ची जनगणना झालीच नाही. मुलांची संख्या २०११वरून पुढे अंदाजानं काढलेली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तर २००१ ते २०११मध्ये ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर घसरली होती. चाळी पाडून टॉवर झाल्यावर तिथे दहावीच्या वयाची मुलं किती उरली, हे २०२७च्या जनगणनेचे वयनिहाय तक्ते आल्याशिवाय कळणार नाही.