‘बदल करू द्यायचे का?’ : विंडोजच्या परवानगी-खिडकीमागचा इतिहास

विंडोज संगणकावर नवा प्रोग्रॅम बसवायला घेतला की पडदा काळवंडतो आणि या ॲपला संगणकात बदल करू द्यायचे का, असे विचारणारी खिडकी समोर येते. ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे संगणकात कोणताही बदल करण्याचे अधिकार असलेल्या, खात्यातून काम करणाऱ्याला तिथे केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ निवडायचे असते. स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांच्या, खात्यातल्या माणसाला मात्र एखाद्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड किंवा पिन द्यावा लागतो. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात या दोन खिडक्या दोन वेगळ्या प्रकारचे संरक्षण देतात, आणि हे वेगळेपण दुर्लक्षित राहिल्यामुळेच या व्यवस्थेबद्दलचे बहुतेक गैरसमज निर्माण झाले आहेत.

प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक वापरकर्त्याला कामापुरतेच अधिकार असावेत, हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये स्पष्ट शब्दांत मांडले होते. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीत सर्वाधिकारी ‘रूट’ आणि सामान्य वापरकर्ता ही विभागणी त्याआधीपासून होती, आणि 1980 च्या सुमारास आलेल्या ‘सुडो’ या साधनाने एखाद्या आज्ञेपुरते वाढीव अधिकार घेण्याची सोय केली. मायक्रोसॉफ्टलाही हे नवे नव्हते. 1993 मध्ये आलेल्या विंडोज एनटीत खाती, गट आणि प्रत्येक फाइलवरचे अधिकार यांची पक्की रचना होती. परंतु घरोघरी पोहोचले ते विंडोज 95 आणि 98, आणि त्यांत अशी कोणतीही भिंत नव्हती. सुरुवातीची पासवर्डची चौकट एस्केपची कळ दाबून बाजूला सारता येत असे.

ऑक्टोबर 2001 मध्ये विंडोज एक्सपी आले आणि घरगुती वापरकर्ता प्रथमच एनटीच्या पायावर आला. भिंत आता उपलब्ध होती, तरीही प्रणाली बसवताना तयार होणारी खाती ॲडमिनिस्ट्रेटर गटातच टाकली जात. याचे कारण जुन्या प्रोग्रॅमशी सुसंगत राहण्यात होते. विंडोज 95 च्या काळात घडलेले प्रोग्रॅम आपल्या नोंदी बिनदिक्कत प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये किंवा रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीच्या, सामायिक भागात लिहीत, आणि एक्सपीच्या ‘मर्यादित’ खात्यात तसे करू पाहणारे कितीतरी प्रोग्रॅम उघडतच नसत. त्यामुळे लोक ॲडमिनिस्ट्रेटर खातेच वापरत. सगळे तसेच वापरतात म्हणून प्रोग्रॅम लिहिणारेही त्याच खात्यात लिहीत आणि तपासत. आणि मर्यादित खात्यात चालणारे सॉफ्टवेअर तयार होण्याचे कारणच उरत नसे. ब्राउझरमधून शिरलेल्या हेरगिरीच्या प्रोग्रॅमला मग वेगळे काही मिळवावे लागत नव्हते, कारण वापरकर्त्याचे पूर्ण अधिकार त्याला आयतेच मिळत.

हे चक्र तोडण्यासाठी विंडोज व्हिस्टात यूझर अकाउंट कंट्रोल, म्हणजेच यूएसी, आणले गेले. व्हिस्टा नोव्हेंबर 2006 मध्ये कंपन्यांना आणि जानेवारी 2007 मध्ये सर्वांना उपलब्ध झाले. यूएसीची कल्पना चतुर होती. ॲडमिनिस्ट्रेटर गटातला माणूस लॉग-इन करतो तेव्हा प्रणाली त्याच्यासाठी दोन टोकन, म्हणजे त्याच्या अधिकारांचे जणू दोन ओळखपत्रे, तयार करते, एक पूर्ण अधिकारांचे आणि दुसरे छाटलेले. डेस्कटॉप आणि त्यावरून सुरू होणारे प्रोग्रॅम छाटलेल्या टोकनावर चालतात, आणि वापरकर्त्याने संमती दिली तरच त्या एका प्रोग्रॅमला पूर्ण टोकन मिळते. स्टँडर्ड खात्याला असे दुसरे टोकनच नसते, म्हणून तिथे दुसऱ्या, अधिकार असलेल्या खात्याची ओळख द्यावी लागते. पडदा काळवंडतो तोही दिखाव्यासाठी नाही. खिडकी एका वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते आणि वापरकर्त्याच्या अधिकारात चालणाऱ्या अन्य प्रोग्रॅमना तिथले ‘हो’ परस्पर दाबता येत नाही.

जुन्या सॉफ्टवेअरसाठीही सोय केली गेली. एखादा प्रोग्रॅम संरक्षित फोल्डरमध्ये लिहू लागला की त्याचे लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरकडे वळवले जाई, आणि प्रोग्रॅमला आपले काम झाले असेच वाटे. नव्या प्रोग्रॅमनी मात्र आपल्याला कोणते अधिकार लागतात हे मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसोबत जोडलेल्या माहितीपत्रकात, आधीच जाहीर करावे, अशी अपेक्षा होती. माझ्या मते यूएसीचे सर्वात मोठे काम हेच, आणि त्याचीच चर्चा सर्वात कमी झाली.

चर्चा झाली ती त्रासाची. घड्याळाचा कालविभाग बदलण्यासारखी साधी कामे व्हिस्टाने स्टँडर्ड वापरकर्त्यासाठी मोकळी केली होती, तरी एकामागून एक येणाऱ्या खिडक्यांनी लोक वैतागले आणि ॲपलने त्यावर खिल्ली उडवणारी जाहिरातही केली. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी एका सुरक्षा परिषदेत उघडपणे सांगितले की वापरकर्त्यांना त्रास व्हावा हाच हेतू होता, म्हणजे त्या त्रासाचा दाब सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवर येईल. हे विधान तेव्हा टीकेचा विषय ठरले, पण ते प्रामाणिक होते आणि परिणामाने ते खरेही ठरले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, खिडकी उघडायला लावणाऱ्या वेगवेगळ्या प्रोग्रॅमची आणि कामांची संख्या 7,75,312 वरून 1,68,149 वर आली होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या सवयी खरोखर बदलत होत्या.

तरीही विंडोज 7 मध्ये तडजोड झाली. ऑक्टोबर 2009 मध्ये आलेल्या या आवृत्तीत खिडकी केव्हा दाखवायची हे ठरवणारी चार पायऱ्यांची सरकपट्टी मिळाली आणि ॲडमिनिस्ट्रेटर खात्यासाठी मूळ निवड अशी ठेवली गेली की विंडोजच्या स्वतःच्या ठरावीक घटकांना न विचारताच पूर्ण टोकन मिळावे. चाचणी आवृत्ती बाहेर पडताच, 2009 च्या सुरुवातीलाच, या सवलतीचा धोका दिसला: यूएसीची सेटिंग बदलणे हाही विंडोजचाच घटक असल्याने, नुसत्या खोट्या कळा पाठवणारी एक छोटी स्क्रिप्ट वापरकर्त्याला न कळता यूएसी बंद करू शकत होती. रचना हेतुपुरस्सर तशीच आहे असे आधी सांगून मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारीत ती वाट बंद केली, पण विश्वासातल्या घटकाच्या आडून पूर्ण अधिकार मिळवण्याच्या इतर युक्त्या नंतर वर्षानुवर्षे सापडत राहिल्या. स्टँडर्ड खात्याला ही सवलत कधीच नव्हती, आणि म्हणून या युक्त्या तिथे चालत नाहीत. एकाच खात्याच्या दोन टोकनांमधली ही रेषा सुरक्षेची सीमा नाही, हे मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाच्या काळापासून सांगितले होते. दोन वेगळ्या खात्यांमधली रेषा मात्र सीमा आहे.

संस्थांमध्ये परवानग्यांचे व्यवस्थापन याच समजुतीवर उभे राहते. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे संस्थेतल्या अनेक संगणकांना एकदम लागू होणाऱ्या नियमांतून, ॲडमिनिस्ट्रेटरला संमती विचारायची की पासवर्ड, आणि स्टँडर्ड वापरकर्त्याला पासवर्डची चौकट दाखवायची की विनंती थेट नाकारायची, हे वेगवेगळे ठरवता येते. ज्या कार्यालयात सॉफ्टवेअर मध्यवर्ती पद्धतीने बसवले जाते तिथे थेट नकार हाच चांगला, कारण कर्मचाऱ्याच्या संगणकावर तंत्रज्ञाने टाइप केलेला पासवर्ड हा चोरीचा सोपा मार्ग असतो. खिडकीतही दोष असू शकतो, हे 2019 मध्ये दिसून आले: तीत दाखवलेल्या प्रमाणपत्रातल्या दुव्यावरून साध्या वापरकर्त्याला प्रणालीच्या सर्वोच्च अधिकारांपर्यंत पोहोचता येत होते, आणि ती चूक नोव्हेंबरात दुरुस्त केली गेली. घरच्या संगणकावर रोजच्या कामाला स्टँडर्ड खाते आणि वेगळ्या पासवर्डचे ॲडमिनिस्ट्रेटर खाते ठेवणे अजिबात अवघड नाही. तेवढे केले तर यूएसीची सरकपट्टी खाली ओढून खिडक्या कमी करण्याचा मोह झाला तरी नुकसान मर्यादित राहते.

2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज 11 साठी ‘ॲडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन’ जाहीर केले, तेव्हा एकाच खात्याच्या दोन टोकनांची कल्पनाच बाजूला ठेवली गेली. या रचनेत ॲडमिनिस्ट्रेटरही एरवी मर्यादित अधिकारांनीच वावरतो. संमती देताना त्याला पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा यांनी ओळख पटवावी लागते, पूर्ण अधिकारांचे टोकन प्रणालीने सांभाळलेल्या एका लपलेल्या, वेगळ्या खात्यातून तयार होते, आणि काम संपताच ते नष्ट होते. विंडोज 7 मधली न विचारता अधिकार देण्याची सवलत यात काढून टाकली आहे. लपलेल्या खात्याचे प्रोफाइल, म्हणजे त्याचे स्वतःचे फोल्डर आणि सेटिंग, वेगळे असल्यामुळे, वाढीव अधिकारांनी चालतानाही वापरकर्त्याच्याच फोल्डरमध्ये आपल्या नोंदी सापडतील असे गृहीत धरणारे प्रोग्रॅम अडखळतात, आणि त्यांच्या लेखकांना आपले काम पुन्हा तपासावे लागणार आहे.