तुमच्या ‘असेल’चं इंग्रजी करताना
मालवणातल्या आमच्या टायपिंग-भाषांतराच्या दुकानाकडून ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे कागद करून घ्यायला येणारे मराठीत बोलतात, नाहीतर मालवणीत, आणि कागद निघतो इंग्रजीत. कुणाचा आंब्याचा व्यवहार दुबईशी असतो, कुणाच्या होमस्टेला परदेशी पाहुणे यायचे असतात, कुणाला बोटीच्या विम्याचा अर्ज करायचा असतो. नाव, तारीख किंवा रक्कम चुकली तर ती वाचताना नजरेला येते. नजरेतून सुटते ती ‘असेल’, ‘वाटतं’, ‘बहुतेक’ या शब्दांच्या इंग्रजीतली चूक, आणि आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त घोळ त्यातूनच होतो.

‘बोट पोचली आसतली’ असं कुणी म्हणालं, की त्याने वेळेचा हिशोब केलाय, कुणाकडून ऐकलंय की नुसती मनाची समजूत घातलीय, हे आपल्याला त्याच्या आवाजावरून कळतं. कागदाला आवाज नसतो. इंग्रजीत या प्रत्येक छटेला वेगळा शब्द आहे आणि चुकीचा निवडला तर अर्थ बदलतो. म्हणून मजकूर घेताना आम्ही मध्येच विचारतो, “हे कशावरून म्हणताय?” कृपया राग मानू नका. आम्ही उलटतपासणी करत नसतो, शब्द शोधत असतो.

आधी ‘शंका’

देवगडकडचे एक बागायतदार घरी लिहिलेलं पत्र फक्त टाइप करून घ्यायला आले होते. माल वाटेत दोन दिवस अडकला होता. ‘काही पेट्यांतला आंबा खराब झाला असेल अशी शंका आहे, त्या आधी उघडून बघा,’ असं त्यांना व्यापाऱ्याला कळवायचं होतं. लिहिलं होतं, ‘वी डाउट सम बॉक्सेस आर स्पॉइल्ड.’ इंग्रजी वाचणाऱ्याला याचा अर्थ लागतो: पेट्या खराब झाल्या असतील असं आम्हाला वाटत नाही. म्हणजे नेमका उलटा! हे वाचून समोरच्याने पेट्या तशाच ठेवल्या असत्या, आणि पुढे नुकसान कुणाचं यावरून वाद झाला असता. पत्र जाण्याआधी आमच्यासमोर आलं, म्हणून निभावलं.

दोष त्यांच्या इंग्रजीचा नव्हता. आपली ‘शंका’ दोन्ही अंगांना वळते. ‘तो येईल याची शंकाच आहे’ म्हणजे येणार नाही असं वाटतं. ‘त्यानेच नेलं असावं अशी शंका आहे’ म्हणजे नेलं असंच वाटतं. इंग्रजीने या दोन शंका वेगळ्या ठेवल्यात. मन ‘नाही’कडे झुकत असेल तर ‘डाउट’, ‘हो’कडे झुकत असेल तर ‘सस्पेक्ट’. त्या पत्रात ‘वी सस्पेक्ट’ हवं होतं.

‘सस्पेक्ट’ मात्र वाईट गोष्टीसाठी राखून ठेवा. ‘पाहुणे पोचले असतील’ या साध्या वाक्यात तो घातला तर पाहुण्यांनी काही गुन्हा केल्यासारखं वाटतं. तिथे ‘आय थिंक’ पुरतं. आणि काही विचारायचं असेल तेव्हा ‘आय हॅव अ डाउट’ लिहू नका. आपल्याकडे ते सगळ्यांना समजतं, पण परदेशी माणसाला तुमचा त्याच्यावर भरवसा नाही असं वाटू शकतं. तिथे ‘क्वेश्चन’ लिहा.

अझ्यूम आणि प्रिझ्यूम

दोन्ही शब्द ‘घेणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदातून आलेत. आपलं ‘गृहीत’ही ‘घेतलेलं’च, हा योगायोग आम्हाला फार आवडतो. ‘अझ्यूम’ म्हणजे पुराव्याची वाट न बघता धरून चालणं. ‘प्रिझ्यूम’ म्हणजे काहीतरी आधार आहे म्हणून, उलट कळेपर्यंत तसं मानणं. १८७१ साली आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराकाठच्या उजिजी गावात पत्रकार स्टॅन्लीने बरेच दिवस खबर नसलेल्या लिव्हिंगस्टन या ब्रिटिश शोधप्रवाशाला गाठलं, तेव्हा ‘डॉक्टर लिव्हिंगस्टन, आय प्रिझ्यूम?’ असं विचारल्याचं त्याने लिहून ठेवलंय. त्या मुलखात दुसरा गोरा डॉक्टर भेटण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, म्हणून ‘प्रिझ्यूम’ तिथे चपखल बसतो. (याच लिव्हिंगस्टनबरोबर १८६६ मध्ये नाशिकच्या मिशन शाळेत शिकलेले आफ्रिकी तरुण गेले होते. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.)

होमस्टेवाल्यांसाठी: ‘वी अझ्यूम्ड टू गेस्ट्स’ असं लिहिलंत, तर किती जण येणार हे आपण विचारलंच नाही याची ती कबुली होते. ‘वी प्रिझ्यूम यू हॅव सेंट द ॲडव्हान्स’ हे वाक्य सभ्य दिसतं, पण वाचणाऱ्याला टोचतं. पैसे आले नसतील तर आले नाहीत असं सरळ लिहा आणि ‘प्लीज कन्फर्म’ म्हणा.

‘अझ्यूम’चा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे: अंगावर घेणं. करारात ‘द सप्लायर शॅल अझ्यूम ऑल रिस्क’ असं असेल तर तिथे अंदाजाचा काही संबंध नाही. सगळी जोखीम माल पुरवणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, उचलायची आहे. हा शब्द दिसला की सही करायच्या आधी थांबा आणि ते कलम वकिलाला दाखवा.

सपोज आणि मंडळी

‘सपोज’ म्हणजे आपलं ‘समजा’. पण कुणाच्या विनंतीला ‘आय सपोज सो’ असं उत्तर दिलं तर ‘बरं, करतो काय ते’ असा नाराजीचा सूर लागतो. ‘सपोज्ड टु’ म्हणजे नियम: पाहुण्यांनी १० वाजता खोली सोडणं अपेक्षित आहे, तिथे तो चालतो. ‘सपोजेडली’ मात्र जाहिरातीत चुकूनही नको. ‘सपोजेडली देवगड हापूस’ म्हणजे ‘म्हणे देवगड हापूस!’ आपल्या ‘म्हणे’त जो अविश्वास आहे तोच त्यात आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असेल तर तसं ठणकावून लिहा, अंदाजाचा शब्द जवळही नको.

‘गेस’ आणि ‘रेकन’, म्हणजे ‘मला वाटतं’, ‘माझा अंदाज’, हे बोलण्यापुरते ठीक. ‘आय गेस’ला अमेरिकी म्हणून नाक मुरडतात, पण तो चौदाव्या शतकातल्या इंग्रजी कवितेत सापडतो. व्यवहाराच्या पत्रात मात्र आम्ही दोन्ही टाळतो.

हवामानाचं ‘लाइकली’

मच्छीमार बंधू मोबाइलवर आलेलं हवामान खात्याचं इंग्रजी पत्रक वाचून घ्यायला येतात. त्यातल्या शब्दांना आकडे ठरलेले आहेत. ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५, आणि ‘मोस्ट लाइकली’ ७५ च्या वर. मराठीत तिन्हींना नुसतं ‘शक्यता’ म्हटलं तर हा फरकच पुसला जातो. म्हणून आम्ही भाषांतरात टक्केवारी शेजारी लिहून देतो. हा अर्थ दुसरीकडे लावू नका. जागतिक हवामानबदलाच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के.

समुद्रावरून माणूस परतला नसेल तर

हे लिहिताना आमचा हात जड होतो, पण अशा घरांतले कागदही आमच्याकडे येतात. अशा अर्जात घरच्यांच्या तोंडी ‘गेला असेल’ आलं, तरी आम्ही ‘डेड’ लिहीत नाही, ‘मिसिंग’ लिहितो. ‘प्रिझ्यूम्ड डेड’ हे ठरवण्याचं काम आपलं नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे तो नियम असा: एखाद्याची खबर ज्यांना एरवी सहज लागली असती त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. याच कायद्यात ‘मे प्रिझ्यूम’ आणि ‘शॅल प्रिझ्यूम’ वेगळे आहेत. पहिल्यात न्यायालय मानू शकतं किंवा पुरावा मागू शकतं; दुसऱ्यात उलट सिद्ध होईपर्यंत मानावंच लागतं. अशा कागदासाठी आधी वकिलाकडे जा. त्यांनी दिलेला मसुदा आम्ही एकही शब्द न हलवता टाइप करून देऊ, आणि त्याचे पैसे घेणार नाही.

‘डीम्ड’ हा शब्द या सगळ्यांहून वेगळा आहे. सोसायटीच्या कागदांतलं ‘मानीव अभिहस्तांतरण’ (‘डीम्ड कन्व्हेयन्स’, म्हणजे बिल्डरने जागा नावावर करून दिली नाही तरी ती सोसायटीच्या नावे करणं) आठवा. तिथे कुणी अंदाज करत नाही. कायदाच सांगतो की हे झालं असं समजून चाला. त्यामुळे ‘डीम्ड’चं मराठी ‘बहुतेक’ किंवा ‘वाटतं’ असं आम्ही कधीच करणार नाही.

येताना

मजकूर मराठीतच आणा. लिहायला जमत नसेल तर मोबाइलवर मालवणीत बोलून रेकॉर्ड केलात तरी चालेल. स्वतः बघितलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं आणि नुसतं वाटणारं, हे वेगवेगळं सांगा. कागद तयार झाला की अंदाजाच्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून आम्ही त्याचा अर्थ तुम्हाला मराठीत वाचून दाखवतो. तेवढी दहा मिनिटं हातात ठेवून या.