तवंग दिसेनासा होतो, तेल जात नाही

समुद्रात तेल सांडलं की दोन-तीन दिवसांत बातमी येते, की रसायन फवारून तवंग नष्ट केला. विमानातून घेतलेल्या फोटोत पाणी पुन्हा निळं दिसतं आणि वाचणारा निश्चिंत होतो. मुळात या रसायनाने, म्हणजे डिस्पर्संटने, तेल नष्ट होतच नाही. ते पृष्ठभागावरून पाण्याच्या आत जातं.

हे घडतं कसं, ते फार सुंदर आहे. डिस्पर्संटमध्ये सर्फॅक्टंट असतात, आपल्या भांड्यांच्या साबणात असतात त्याच जातीचे रेणू. त्यांच्या एका टोकाला पाण्याची ओढ, दुसऱ्याला तेलाची. त्यामुळे ते तेल आणि पाण्याच्या सीमेवर जाऊन बसतात आणि तिथला पृष्ठताण, म्हणजे ती सीमा आवळून धरणारा ताण, शंभर पट किंवा त्याहूनही जास्त पटीने कमी करतात. एरवी लाट तवंग फोडते, पण थेंब मोठे राहतात, वर येतात आणि एकमेकांना मिळून पुन्हा तवंग होतो. ताण उतरला की तीच लाट तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करू शकते. म्हणून लाट हवीच. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन वाल्डीझ’ जहाजातून तेल सांडलं तेव्हा सुरुवातीला समुद्र इतका शांत होता, की फवारलेलं डिस्पर्संट तेलात नीट मिसळलंच नाही.

आता आकडे पाहू. एक लिटर तेलाचा एकच गोळा केला तर त्याचं क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याच तेलाचे ५० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर एकूण क्षेत्रफळ १२० चौरस मीटर होतं, जवळजवळ अडीच हजार पट! शिवाय थेंब वर येण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास पाचपट कमी केला की वेग पंचवीसपट कमी. द्रवातल्या थेंबाचा वेग सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने हिशेब केला तर ५० मायक्रॉनच्या थेंबाला एक मीटर वर यायला तासाहून जास्त वेळ लागतो आणि १० मायक्रॉनच्या थेंबाला सुमारे दीड दिवस. एवढ्या वेळात प्रवाह त्याला कुठल्या कुठे नेतो. समुद्रातले जिवाणू हे थेंब बाहेरच्या पृष्ठभागावरून खातात, म्हणून वाढलेलं क्षेत्रफळ महत्त्वाचं. अल्कॅनिव्होरॅक्स हा त्यातला नावाजलेला.

तेल खाणारे जिवाणू पाण्यात सोडा आणि समुद्र स्वच्छ करा, असे चमत्कारी दावे मात्र विसरा. हे जिवाणू समुद्रात आधीपासूनच असतात. कमी पडतो तो नायट्रोजन आणि फॉस्फरस. तेलात कार्बन भरपूर, पण पेशी नुसत्या कार्बनवर वाढत नाही.

२०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट झाला, ११ कामगार गेले आणि विहीर ८७ दिवस वाहत राहिली. तिथे सुमारे ७० लाख लिटर डिस्पर्संट वापरलं गेलं. त्यातलं जवळजवळ ३० लाख लिटर दीड किलोमीटर खोलवर, थेट विहिरीच्या तोंडाशी सोडलं. असं त्याआधी कधी झालं नव्हतं. या रसायनातला एक सर्फॅक्टंट दोन महिन्यांनंतरही खोल पाण्यात सापडला. जिवाणूंना या फवारणीची मदत झाली की उलट अडथळा, यावर संशोधक आजही भांडतात.

वाचतं कोण आणि मरतं कोण, हा खरा प्रश्न. तवंग फुटला तर पक्षी, कासवं, खारफुटी वाचतात. पण बारीक थेंबांतून तेलातली बहुवलयी हायड्रोकार्बन, म्हणजे अनेक वलयं जोडून बनलेली विषारी द्रव्यं, पाण्यात जास्त पसरतात. मोठा मासा दूर पळतो, अंडी आणि पिल्लं कुठे जाणार? माशांच्या भ्रूणाचं हृदय या द्रव्यांमुळे नीट घडत नाही, हे ट्युनावरच्या प्रयोगांत दिसलं आहे. खोल समुद्रात थेंब लवकर विरळ होतात, त्यामुळे तिथे हा सौदा परवडू शकतो. उथळ पाण्यात तो मला मान्य नाही.

किनाऱ्यावर तर अजिबात नाही. १९६७ मध्ये ‘टोरी कॅन्यन’ जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर आदळलं, तेव्हा सुमारे दहा हजार टन डिटर्जंट ओतलं गेलं. ते आजच्या डिस्पर्संटपेक्षा कितीतरी विषारी होतं. खडकांना चिकटून शेवाळ चरणारे शंख मेले आणि खडक हिरवेगार झाले. जिथे फक्त तेल होतं तिथली जीवसृष्टी दोन-तीन वर्षांत सावरली. डिटर्जंट ओतलेल्या जागांना दहा-पंधरा वर्षं लागली.

ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. तटरक्षक दलाने फवारणी केली, तरी तेल खारफुटीत शिरलंच. ‘चित्रा’तून गळलेलं तेल हे जहाजाचं इंधन होतं. अशी जड तेलं मुळातच घट्ट असतात. त्यातच ती लाटांबरोबर पाणी शोषून घेतात आणि एक-दोन दिवसांत त्यांचा तपकिरी, चिवट लगदा होतो. मग सर्फॅक्टंट आत शिरत नाही, वरून ओघळून पाण्यात जातं. तिथे तरंगते बांध टाकून तेल अडवायचं आणि उपसायचं, हे वेळखाऊ काम करावंच लागतं.