रोशा गवत

रोशा गवत (रोहिष, तिखाडी, सं. ध्यामक, कत्तृण, लॅ. सिंबोपोगॉन मार्टिनाय, कुल – ग्रॅमिनी) : सुगंधी बहुवर्षायू गवत. यापासून रोशेल हे तेल मिळते. खानदेश, निमाड, मेळघाट व बैतूलच्या डोंगरउतारांवर ते विपुल आढळते. गवती चहा व वाळा यांच्याशी याची गल्लत करू नये.

प्राचीन ग्रीक-रोमन लेखकांनी वाखाणलेले ‘नार्द’ हे सुगंधी द्रव्य म्हणजे हेच गवत काय, हा वाद जुना आहे. मकरानच्या (बलुचिस्तानचा किनारी प्रदेश) वाळवंटात अलेक्झांडरच्या सैन्याच्या पायाखाली नार्द तुडवले जाऊन सुवास दरवळला, असे ग्रीक इतिहासकार ॲरियन सांगतो; त्याच्या आधारे स्कॉटिश वैद्य गिल्बर्ट ब्लेन यांनी 1790 मध्ये नार्द हे गवतच ठरवले. प्राच्यविद्यापंडित सर विल्यम जोन्स यांनी मात्र ते जटामांसी (हिमालयातील सुगंधी मुळांची वनस्पती) असल्याचे प्रतिपादिले. 1836 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हॅचेट यांनी पुन्हा निमाडच्या गवताची बाजू घेतली. आज बहुतेक अभ्यासकांचा कल जटामांसीकडे आहे व तो सयुक्तिक वाटतो. मकरानात तुडवले गेलेले गवत कोणते, हा प्रश्न वेगळा. ‘मार्टिनाय’ हे जातिनाम ईस्ट इंडिया कंपनीतील फ्रेंच सेनाधिकारी क्लॉड मार्टिन यांच्यावरून पडले. टिपूविरुद्धच्या युद्धात त्यांनी बालाघाटात बी गोळा केल्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी केली आहे. हा बालाघाट म्हणजे बहुधा दख्खनचा घाटमाथा असावा.

मोतिया व सोफिया असे याचे दोन प्रकार आहेत. मोतिया मोकळ्या, कोरड्या उतारावर विरळ ठोंबांनी वाढते. पाने खोडाशी जवळजवळ काटकोन करतात. सोफिया सावलीच्या, ओलसर जागी दाट माजते व तिची पाने खोडालगत उभी राहतात. वनस्पतिशास्त्रज्ञ बर्किल यांनी 1909 मध्ये हा भेद शास्त्रीय पातळीवर मांडला. पुढे गुणसूत्रांच्या संख्येतही (मोतिया 20, सोफिया 40) फरक आढळल्याने तो केवळ जमिनीमुळे पडतो, हे मत मागे पडले. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल (गुलाबासारख्या वासाचा घटक) साधारणपणे 75 ते 90% असते. सोफियाच्या तेलात ते बरेच कमी असून बाजारात ते ‘जिंजरग्रास’ नावाने हलक्या प्रतीचे गणले जाते.

गवत फुलोऱ्यात आले की कापतात. पूर्वी ओढ्याकाठी भट्टी लावून, गवत व पाणी भरलेल्या डेगेचे झाकण लिंपून वाफ बांबूच्या नळीने थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात नेत. खाली थेट जाळ असल्याने गवत करपे व तेलाला जळका वास लागे. नंदुरबार या धंद्यासाठी प्रसिद्ध होते. मुंबईहून तेल तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे तुर्कस्तानात जाई. तेथे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरत. म्हणूनच यास ‘तुर्की जिरॅनियम तेल’ हे फसवे नाव मिळाले. त्याचा जिरॅनियम या वनस्पतीशी वा तुर्की उत्पादनाशी संबंध नाही.

संधिवातावर चोळण्यासाठी व डास दूर ठेवण्यासाठी रोशेल वापरतात. साबण व सुगंधी द्रव्यांतही ते लागते. हे गवत खाणाऱ्या गुरांच्या दुधालोण्याला त्याचा वास येतो, असे जुने लेखक नमूद करतात. लागवड मुख्यतः मोतियाची होते.